काकूंच्या हातचा काआत

आमच्या मजल्यावर दारं दोनच. एक आमचं आणि समोरचं असेलकाकांचं. हे नाव मीच ठेवलेलं, उगाच दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. काकांनी जन्मभर जुन्या भाषा शिकवल्या, त्यातही हिब्रू, आणि त्या भाषांनी त्यांची अशी गत केली होती की कुठल्याही गोष्टीला 'आहे' म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. नळाला पाणी आलंय का विचारा, "आलं असेल." काकू घरात आहेत का विचारा, "असेल." एकदा मी मुद्दाम विचारलं, काका, हे घर तुमचंच ना? तर त्यांनी आधी दारावरची पाटी वाचली आणि मग मान डोलावली. पाटीचं मी पदरचं घातलंय. पण तुम्हाला क्षणभर खरं वाटलं की नाही? तसेच होते ते.

काकूंचा कारभार अगदी उलटा. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई. पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा बसायच्या आधीच म्हणाल्या, "तुझा पडदा उजवीकडे बोटभर खाली आलाय." मोजून बघितला. बोटभरच. त्या दिवसापासून मी त्यांना जरा वचकून असायची, आणि मी वचकून असते अशी माणसं जगात फार नाहीत, आमच्या ह्यांना विचारा.

पण त्या एकतीस वर्षांत काकूंनी काढलं काय? तर फळ्यावरचे नकाशे, विज्ञानाच्या वर्गातला उभा चिरलेला बेडूक, मुख्याध्यापकांच्या निरोपाचं कार्ड, वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ. सगळं दुसऱ्याचं. चित्राखाली त्यांचं नाव कधी आलं नाही. काकूंचं नाव छापून आलं ते फक्त मतदारयादीत, आणि तिथेही चुकीचं. हे त्या स्वतःच सांगायच्या आणि हसायच्या. मीही हसायची. आता वाटतं, नीट बघायला हवं होतं त्या कशा हसतात ते.

मग ते पुस्तकाचं काम आलं. एक संस्था जुन्या हिब्रू शास्त्रातल्या पशुपक्ष्यांची ओळख करून देणारं जाडजूड पुस्तक काढत होती आणि त्यातले पक्षी काकांकडे आले होते. शास्त्रात जे पक्षी खायचे नाहीत त्यांची एक यादी आहे, वीस नावांची. तुम्हाआम्हाला वाटतं, वीस नावं, एका दुपारचं काम. तसं नसतं म्हणे. त्यातल्या निम्म्या नावांचा नेमका पक्षी कुठला हे आज कुणालाच धड माहीत नाही. ती भाषा ज्यांच्या घरात होती ती माणसं गेली, पक्षी उडून गेले, मागे राहिली नुसती नावं. त्या नावांना पुन्हा पक्षी शोधून द्यायचे, हे काकांचं काम. 'असेल' म्हणणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काम कुठे मिळणार?

संपादकांना पुस्तकात फोटो हवे होते. ते घरी आले तेव्हा मी काही निमित्ताने तिथेच होते, निमित्त आठवत नाही पण चांगलं होतं. काका म्हणाले, "फोटो नकोत. चित्रं ही काढेल." नुसतं 'काढेल'. पुढेमागे 'असेल' नाही. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्या तिथून हलल्याच नाहीत. संपादकांनी शाळेचे जुने अंक बघितले, मान हलवली आणि दोन अटी घातल्या. एक, कागद संस्थेचाच वापरायचा. दुसरी, वीसच्या वीस चित्रं एका हातची हवीत, नाहीतर पुस्तक ठिगळं लावल्यासारखं दिसतं. तसं झालं तर पहिल्या पानावर काकांच्या नावाखाली 'चित्रे' असं लिहून काकूंचं नाव येईल, एकटीचं. नाही जमलं तर राहिलेली चित्रं संस्थेचा चित्रकार काढेल.

हे सगळं पत्रात लिहून आलं. काकूंनी ते पत्र ड्रॉइंगच्या फळीला मागून टाचून ठेवलं. मला तीनदा दाखवलं. चौथ्यांदा मीच मागून घेतलं, कारण दाखवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

कामाची पद्धत ठरलेली. काका एका पक्ष्याच्या मागे लागायचे, वाचनालयात जाऊन बसायचे, जुनी भाषांतरं ताडून बघायचे. ग्रंथात जिथे जिथे ते नाव आलंय तिथे तिथे तो पक्षी शोभला पाहिजे. एका ठिकाणी जरी तो अवघडून बसला तरी काका त्याला उडवून लावायचे. सगळीकडे बसला की काकूंना चिठ्ठी मिळायची. मग काकू जेवणाच्या टेबलावर दोन विटांना फळी टेकवून बसायच्या. आधी पेन्सिल, मग टाक आणि काळी शाई. रेघ चुकली तर दाढीच्या पात्याने शाई खरवडून काढायच्या, कागद चांगला जाड होता. चित्र झालं की काका ते उलटं करायचे आणि मागे कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचे, 'ठरलं', खाली तारीख. आमच्या इमारतीत लग्नं याहून कमी विचाराने ठरतात.

पहिल्या वर्षात बारा पक्षी झाले. काका सकाळी वाचनालयात गेले की अकराच्या सुमाराला मी समोर जायची. काकू चित्र काढायच्या, मी इमारतीतल्या बातम्या सांगायची. त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या भांडणात काडीचा रस नव्हता, पण मी गप्प झाले की म्हणायच्या, "बोल, रेघ सरळ येते."

तेराव्या पक्ष्याच्या वेळी काहीतरी बदललं. आधीच्या चित्रांत पिसं लांब, सलग रेघांनी काढलेली होती. तेराव्यात सगळे ठिपकेच. हजारो ठिपके, एकाशेजारी एक. काका चित्र खिडकीपाशी घेऊन गेले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तुझी शैली आता खरी पक्की झाली. फार सुंदर." काकू पदराला हात पुसत म्हणाल्या, "हो, सुचलं."

मला शैलीतलं काही कळत नाही. चहातलं कळतं. काकू हल्ली स्वतःला अर्धाच कप घ्यायच्या. मी थट्टा केली, काय काकू, काटकसर की काय? त्यांनी बशी जवळ ओढली. कप उचलला तेव्हा तो बशीवर टकटक वाजला, आणि मी त्यांच्या हाताकडे बघतेय हे त्यांनी बघितलं.

डॉक्टरकडे आम्ही दोघी गेलो. काकांना सांगितलं, पडद्याचं कापड बघायला चाललोय. डॉक्टरांनी चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली आणि शेवटी एक कागद पुढे सरकवून म्हणाले, यावर एक चक्री काढा, आतून बाहेर गोल गोल जाणारी. काकूंनी काढली. चक्रीची कड करवतीसारखी दातेरी झाली. काकूंनी कागद जरा लांब धरला, जसा एखाद्या पोराचा धरायच्या, आणि म्हणाल्या, "दहापैकी तीन." डॉक्टर हसले, मग हसू आवरून म्हणाले की हा कंपवात आहे, गोळ्या आहेत, पण तो वाढत जाणार. किती दिवसांत, ते सांगता येत नाही.

येताना आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलो. मी म्हटलं, घरी गेल्यागेल्या काकांना सांगा. काकू म्हणाल्या, "नाही. त्यांना कळलं की ते घाई करतील. जन्मात कधी घाई केली नाही त्या माणसाने. घाईत काहीतरी लिहून टाकतील, माझं चित्र पूर्ण व्हावं म्हणून, आणि मग उरलेलं आयुष्य ते चुकलं म्हणून झुरतील. सात पक्षी राहिलेत. तेवढा पुरेल माझा हात."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. एवढं राहू दे."

आणि मी राहू दिलं. आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलं नाही.

गोळी घेतली की तासाभराने हात स्थिर व्हायचा आणि दीड-दोन तास तसा राहायचा. काकूंनी त्याचं वेळापत्रक बसवलं. नऊला काका बाहेर, नऊला गोळी, दहा ते पावणेबारा चित्र. कोपराखाली घडी घातलेला टॉवेल, उजव्या मनगटावर डावा हात. मी आता दहालाच जाऊन बातम्या चालू ठेवायच्या. अशा रीतीने चौदा, पंधरा, सोळा करत एकोणीस पक्षी झाले. काका वाचनालयातून यायचे, पुस्तकात डोकं घालूनच जेवायचे, ताटापलीकडे कोण बसलंय ते त्यांना दिसत असेल-नसेल. त्यांचं प्रेम नव्हतं असं म्हणत नाही मी. प्रेम भरपूर होतं, बघणं नव्हतं.

राहिला विसावा. नाव काआत.

हा काआत तीन तऱ्हेच्या जागी येतो, एवढं मी काकूंच्या टेबलाशी बसून शिकले. एक, त्या न खायच्या यादीत. दुसरं, जिथे भविष्य सांगणारे म्हणतात की अमुक नगर ओस पडेल, तिथल्या पडक्या घरांत हा राहायला येईल. आणि तिसरं, एका दुःखी माणसाच्या प्रार्थनेत. तो आजारी आहे, अन्न गोड लागत नाही, हाडं तेवढी राहिलीत, आणि तो म्हणतो की मी ओसाड रानातल्या काआतसारखा झालोय. आता हा कोण? एका जुन्या भाषांतरात एके ठिकाणी चक्क सरडा केलाय त्याचा. कुणी घुबड म्हणतं. बरेच जण पाणकोळी म्हणतात, तो चोचीखाली पिशवी असलेला मोठा पांढरा पाणपक्षी. काहींच्या मते ते नावच ओकण्यावरून पडलं, कारण पिशवीतलं तोंडाशी आणून तो पिलांना भरवतो.

काकांनी पाणकोळ्याच्या बाजूने कौल दिला. काकूंना तो जिवंत बघायचा होता, म्हणून आम्ही तिघं प्राणिसंग्रहालयात गेलो. हौदाच्या काठी चार पाणकोळी बसले होते. त्यातल्या एकाने जांभई दिली आणि ती पिशवी बघून मला माझ्या सासूबाईंची पर्स आठवली. सगळ्यांचं आत जायचं, आतलं बाहेर आलेलं कुणी बघितलं नाही. हे मी बोलून दाखवलं तर काकू इतक्या हसल्या की कठड्याला धरून उभ्या राहिल्या. काकांना वाटलं हसण्यामुळेच धरलंय.

ते चित्र काढायला अकरा दिवस लागले. काकूंनी हौद काढला नाही. सुकलेलं झुडूप, फुटके दगड, आणि एका दगडावर तो एवढा थोरला पक्षी मान पाठीत रुतवून बसलेला. मी सांगते, विसांत तसं चित्र दुसरं नव्हतं. ठिपक्यांनी काढलेलं असलं तरी त्याच्या मानेची एक रेघ सलग होती, वरपासून खालपर्यंत. ती रेघ काढताना काकूंनी श्वास धरला होता. मीही धरला होता, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची गोष्ट अर्धीच राहिली. काकांनी मागे लिहिलं, 'ठरलं'.

नऊ दिवसांनी त्यांनी ते खोडलं.

मी जिन्यात त्यांना गाठलं. काका, काय बिघडलं? तर म्हणाले, पाणपक्षी ओसाड रानात काय करतो? त्याला मासे लागतात, तळी लागतात. तिन्ही ठिकाणी तो बसला पाहिजे ना, तिसऱ्या ठिकाणी बसत नाही. मी आपली चेष्टेवारी नेत म्हटलं, रस्ता चुकला असेल बिचारा. काका म्हणाले, असं गमतीत नेऊन चालत नाही. आणि भाजीची पिशवी माझ्याच हातात देऊन वर गेले.

आता घुबड. पण संस्थेने कागद दिले होते बावीस. दोन सुरुवातीला वाया गेले होते, आणि ती कागदाची गिरणी तोवर बंद पडली होती. दुकानातला कागद आणून बघितला, शाई फुटली. म्हणजे याच कागदावर, दगड तसाच ठेवून, वरचा पाणकोळी खरवडून घुबड बसवायचं. मी म्हटलं, काकू, हे मला द्या, मी भिंतीवर लावते, तुम्ही काकांना सांगा कागद संपला. त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं पोरांना सांगत आले, खोडायचं तर नीट खोडायचं." आणि पातं घेतलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "खरवडायला थरथरता हात बरा पडतो की."

मानेची ती रेघ त्यांनी सगळ्यात शेवटी खरवडली.

घुबडाला पाच आठवडे लागले. गोळ्या आता तीन होत्या आणि स्थिर वेळ अर्ध्या तासावर आली होती. डोळे गोल येईनात. काकूंनी मग ते अर्धवट मिटलेले दाखवले. पिसं विस्कटलेली आली. त्या म्हणाल्या, "घुबडाला चालतं, त्याला कोण विंचरणार." चित्र वाईट नव्हतं. पण आधीच्या एकोणीस चित्रांशेजारी ठेवलं की एखादा म्हातारा पाहुणा लग्नाच्या फोटोत उभा राहावा तसं दिसायचं. काकांनी 'ठरलं' लिहिलं, जरा कमी दाबून.

आणि दोन महिन्यांनी तेही खोडलं. कारण त्या दुःखी माणसाच्या प्रार्थनेत काआतच्या लगेच पुढे दुसऱ्या एका पक्ष्याचं नाव आहे, आणि तो दुसरा घुबडच आहे, त्याचं चित्र अकराव्या क्रमांकावर होऊनही गेलंय. एक माणूस एका दमात दोनदा घुबड कशाला म्हणेल?

संपादकांचे फोन सुरू झाले. "घाई काही नाही," म्हणून सुरुवात करायचे आणि मग घाई सांगायचे. शेवटी त्यांनी महिन्याची अखेर दिली. त्या महिन्यात मी रोज ठरवायची, आज काकांना सांगून टाकू. जिन्यात ते भेटायचे, मी तोंड उघडायची आणि लिफ्टबद्दल काहीतरी बोलायची. आयुष्यभर मी नको त्या माणसाला नको ती गोष्ट सांगितलीय, त्यावर दोन साखरपुडे मोडलेत. तोंड बंद ठेवायला मी शिकले ते नेमकं तेव्हा.

महिना संपायला सहा दिवस होते. सकाळी साडेदहालाच काका धापा टाकत परत आले. छत्री वाचनालयात विसरले होते, चष्मा कपाळावर होता. आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो. काका उभ्यानेच बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, मी उलटं धरून बसलो होतो. तो माणूस काआत कुठे राहतो ते सांगतच नाहीये. तो स्वतःचं सांगतोय. पाण्यावरचा पक्षी आहे तो, आणि ओसाड रानात येऊन पडलाय, जिथे त्याचं काही नाही, ना पाणी, ना मासा, ना दुसरा कुणी त्याच्यासारखा. रानातला पक्षी रानात बसला तर त्यात कसलं दुःख? तो तिथे बसत नाही, म्हणूनच तो बरोबर आहे. पाणकोळीच.

मी म्हटलं, मी तर तेव्हाच सांगितलं होतं, रस्ता चुकलाय म्हणून. काका माझ्याकडे बघून इतके मोकळे हसले की मला वाटलं, आता सगळं नीट होणार.

मग ते काकूंना म्हणाले, "तो पहिलाच काढ. तस्साच. दगडावर, मान आत घेतलेला. तुला तेव्हाच कळलं होतं, मलाच उशीर झाला."

काकूंनी फळी पुढे ओढली. घुबड खरवडायचं होतं. त्यांनी पातं उचललं. सकाळची गोळी चढायची होती अजून, की आता चढतच नव्हती, मला माहीत नाही. पातं कागदावर टेकलं आणि टकटक वाजायला लागलं, बशीवर कप वाजायचा तसं. त्यांनी डाव्या हाताने मनगट धरलं. आता दोन्ही हात हलायला लागले. आधीच एकदा खरवडून पातळ झालेला तो कागद, दगडाच्या वर, जिथे आधी मान होती तिथे, उभा फाटला.

काका बघत होते. मला वाटतं, दोन वर्षांत पहिल्यांदाच ते कागद सोडून हाताकडे बघत होते. त्यांनी हळूच पातं काढून घेतलं आणि विचारलं, "कधीपासून?"

"तेराव्यापासून," काकू म्हणाल्या.

काकांनी एकोणीस चित्रांचा गठ्ठा घेतला. तेरावं काढलं, खिडकीपाशी नेलं आणि ते ठिपके बघत उभे राहिले. ज्या ठिपक्यांना ते शैली म्हणाले होते, तेच. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "तुला माहीत होतं?"

माझ्याकडे कुठल्याही प्रश्नाला तीन उत्तरं तयार असतात. त्या दिवशी एकच दिलं. मी हो म्हटलं. काकांनी तेरावं चित्र गठ्ठ्यात परत ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी जे केलं ते मी कुणाला सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. ते टेबलाशी बसले, खिशातून काआतची नवी चिठ्ठी काढली आणि 'पाणकोळी' खोडून तिथे 'घुबड' लिहिलं. म्हणाले, फाटलेला कागद मागून चिकटवू, घुबड आहे तसं आहेच, छपाईत चीर दिसणार नाही. वीसही चित्रं तुझीच होतील. कोण बघायला बसलंय? निम्म्या जगाने घुबडच लिहिलंय. ज्या माणसाने स्वतःच्या घराला 'आहे' म्हटलं नाही, तो माणूस आत्ताच सापडलेली खात्रीची गोष्ट स्वतःच्या हाताने पुसत होता. अक्षर मात्र नेहमीसारखं वळणदार होतं.

काकूंनी चिठ्ठी ओढून घेतली. खोडरबर घेतलं, पण ते हातात धरवेना, घरंगळून टेबलाखाली गेलं. मी वाकून दिलं. त्यांनी 'घुबड' खोडायला घेतलं, चिठ्ठी चुरगळली, तरी त्या खोडत राहिल्या. खोडून झालं तेव्हा म्हणाल्या, "चाळीस वर्षं तुम्हाला 'असेल' म्हणताना ऐकलंय. खोटं सांगताना ऐकायचं नाही मला. बरोबर आहे ते लिहा."

"आणि चित्र?"

"त्यांचा चित्रकार आहे ना."

काका म्हणाले, आधी का नाही सांगितलंस. काकू म्हणाल्या, तुम्ही घाई केली असतीत. काका म्हणाले, केली असती. मग ती चुरगळलेली चिठ्ठी त्यांनी तळहाताने सपाट केली. मी उठून माझ्या घरी आले आणि भर दुपारी दाराला आतून कडी लावली, जी मी कधी लावत नाही.

पुस्तक सात महिन्यांनी आलं. तोवर काकूंना ब्लाउजचे हूक लावणंही होत नव्हतं. काका लावून द्यायचे, हळूहळू, एकेक. वाचनालयात जाणं त्यांनी सोडलं होतं. सकाळची वेळ ते काकूंसमोर बसून काढायचे, नुसते बघत. काकू मला म्हणायच्या, जरा बाहेर घेऊन जा ह्यांना, मला अवघडल्यासारखं होतं.

पार्सल मीच सोडलं, काकांना गाठ सुटेना. पहिल्या पानावर काकांचं नाव, त्याखाली 'चित्रे', पुढे काकूंचं नाव, अगदी बरोबर छापलेलं, आणि त्याला लागून 'व इतर'. काकूंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. बोट हलत होतं, त्यामुळे कधी नावावर होतं, कधी 'इतर'वर. काका म्हणाले, मी त्यांना लिहिलं होतं, निदान वेगळ्या ओळीत टाका म्हणून. काकू म्हणाल्या, "एकच तर आहे माझ्याशिवाय. अनेकवचन कशाला?" आणि पान उलटलं.

काआत शेवटी होता. डाव्या पानावर काकांची टीप. तेवढी मलाही कळली, इतकी सोपी होती, आणि त्यात कुठेही 'असावा', 'असू शकेल' नव्हतं. उजव्या पानावर चित्र. संस्थेची चित्रकार तरुण मुलगी होती म्हणे. हात स्वच्छ होता, रेघा लांब, सलग, कुठे ठिपका नाही. पाणकोळी मोठा डौलदार आला होता. तळ्यात पोहत होता. मागे लव्हाळी, पुढे लाटांची वर्तुळं, आणि शेजारी त्याच्याच जातीचे आणखी दोन.

काकांनी चित्र बघितलं, मग आपली टीप बघितली, मग पुन्हा चित्र. चष्मा कपाळावर सरकवला. काकूंनी पुस्तक जरा लांब धरायचा प्रयत्न केला, ते डुगडुगायला लागलं तसं मी खालून हात लावला.

"चांगलं काढलंय," त्या म्हणाल्या. "पाय थोडे आखूड आलेत, पण पाण्यात खपून जातात. पिशवी छान."

काका म्हणाले, मी आजच पत्र लिहितो. पुढच्या आवृत्तीत बदलायला लावतो. सगळा अर्थच गेला त्याचा, तो पाण्यात कसा दाखवला?

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "तिची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नसेल."

त्या चित्राकडेच बघून म्हणाल्या, माझ्याकडे नाही. मी टेबलावरचे कप उचलले आणि आत जाऊन विसळत उभी राहिले, स्वच्छ झाल्यावरही.